अंगणातले रानकांदे

“परवा गवंडी येतोय. अंगणभर फरशीच घालून टाकू,” भावजय दारातून म्हणाली. “सुटलात बघा, वन्सं!”

ताईच्या मुठीत रानकांद्याची पात होती. ती तशीच राहिली.

बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ताई धाकट्या भावाकडे चार दिवसांसाठी म्हणून आली. पाचव्या दिवशी तिने खुरपं हातात घेतलं. पाहुण्याला लोक कधी निघणार म्हणून विचारतात. तण काढत बसलेल्या माणसाला पाणी हवं का म्हणून विचारतात. हा फरक तिने वेळीच हेरला होता.

हरळी, घोळ, लव्हाळा, सगळ्यांचा तिने दोन वर्षांत निकाल लावला. रानकांदा तेवढा हटेना. आज उपटावा, तर पंधरा दिवसांत पुन्हा हजर. “तुम्हालाही पुरून उरला हो मेला,” भावजय म्हणायची. ताई हसायची, आणि त्या दिवशी जेवताना दुसरी पोळी मागून घ्यायची.

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं की उठायला भिंत लागे. महिनाभरात अंगण माजलं होतं.

“काम चालेल तोवर मधल्या भावोजींकडे राहून या,” भावजय पुढे म्हणाली. “धूळ सोसायची नाही तुम्हाला. बॅग मी भरते.”

मधला भाऊ तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दोन खोल्या. तिथे उपटायला काही नव्हतं.

ताई बॅग घेऊन पायरीवर आली, तेव्हा गवंड्याने पहिली कुदळ घातली होती. मातीतून पांढरे गड्डे वर आले. त्याने आणखी उकरलं आणि डोकं खाजवलं.

“वहिनी, हे आपोआप उगवलेलं नाही हो! ओळी बघा. वीतभर अंतर सोडून कुणीतरी लावलेत. रानात कुठली एवढी शिस्त?” आपल्याच विनोदावर तो हसला.

दुसरं कुणी हसलं नाही. तिला सोडायला निघालेला धाकटा भाऊ खाली वाकून चपलेचा पट्टा चाचपू लागला. ताईच्या हातातली बॅग खाली टेकली.

“अगं, ते मी...”

“माहीत आहे मला,” भावजय म्हणाली. आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. “स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं, वन्सं.”

तिने बॅग उचलून परत ताईच्या हातात दिली.

“उपटता येत होतं, तोवर लावू दिलं.”