दिवा पेटला की थांबायचं

“तुमच्या दिव्याची काय चूक नाय, सायेब. आमची म्हातारीच आंधली झाली,” गावातला हरेश म्हणाला आणि त्याने दिव्याच्या वाकलेल्या खांबावर थाप मारली.

चारुदत्तला आधी काही कळेचना. स्वारी खुशीत आली होती. कोन नावाच्या गावाच्या वळणावर त्याने बसवलेलं यंत्र रस्ते खात्यातल्या वरच्या लोकांना पसंत पडलं होतं. आता पुणे रस्त्यावर अशी आणखी यंत्रं बसवायची परवानगी मिळणार होती. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात, नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत वायरींचा पसारा मांडून, बायकोची बोलणी खाऊन केलेलं संशोधन एकदाचं मार्गी लागत होतं.

यंत्र तसं साधं. वळणाच्या पलीकडे डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं. त्यावरून ट्रक गेला की बिनतारी संदेश सुटायचा आणि इकडे, लोक रस्ता ओलांडतात तिथे, खांबावरचा लाल दिवा पेटायचा. ट्रक नजरेला पडायच्या आधीच गावाला कळायचं.

“झालं काय पण?” त्याने विचारलं.

“हनुमान जयंतीला पहाटे आई आमच्या मालूला घेऊन निघाली. पलीकडं मारुतीच्या देवलात, जन्माला. वलनावरनं ट्रक आला. ड्रायवरनं गाडी खांबावर घातली, तरी पोर चाकाखाली सापडलीच.” हरेशने हाताने गुडघा दाखवला. “उजवा पाय गुडघ्याखाली काढाया लागला. आता तुमीच सांगा, एवडा लाल भडक दिवा पेटलेला, आन ही बया रस्त्यात उतरली कशी? खांबाला धक्का बसला तवापासून दिवा बंद हाय.”

हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी चारुदत्तने खांबाच्या पोटातला, संदेश पकडून दिवा पेटवणारा डबा काढून घरी नेला होता. चाचणी संपली होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, घरी निवांत काम करता आलं असतं. डब्याशिवाय तो दिवा पेटणं शक्यच नव्हतं. खांब राहू दिला, पुढे लागेल म्हणून. गावात कुणाला तरी सांगावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्यात सांगायचं काय? दिवा नव्हता तेव्हाही लोक रस्ता ओलांडतच होते की!

ओलांडत होते, पण कसे? हरेशची आई, ही भामा आजी तर कडेला उभी राहून, मान लांब करून, कान देऊन पुन्हा पुन्हा बघायची, मगच पाऊल टाकायची. दिवा आल्यावरही तिची ती सवय सुटेना, तेव्हा त्यानेच तिची थट्टा केली होती. “आजी, मान कशाला दुखवताय? दिवा पेटला की थांबायचं, नाही पेटला की बिनधास्त जायचं. बघायचं काम आता मशीनचं!” सगळे हसले होते. आजीही हसली होती, आणि पुढे तर मान लांब करणाऱ्या बायांना तीच दटावू लागली होती. केवढी हुशारी वाटली होती त्याला स्वतःची!

“चला, चाय घेऊन जावा,” हरेश म्हणाला. नाही म्हणायला चारुदत्तला तोंड नव्हतं.

हरेशच्या घरी ओटीवर मालू सागरगोटे खेळत बसली होती. भामा आजी भिंत चाचपत बाहेर आली. एक सागरगोटा घरंगळत तिच्या पायाशी आला. ती वाकायच्या आत रंजिताने, हरेशच्या बायकोने, तो उचलला आणि पोरीला कडेवर घेऊन ती पलीकडे जाऊन बसली. रागाने नाही, आता तशी सवयच झाली होती.

“हिच्या हाती पोर देत नाय आमी आता,” हरेश म्हणाला.

“डोळे दाखवले का?”

“दाखवलं ना. डॉक्टर बोलतो काय खराबी नाय. मंग दिवा दिसला कसा नाय?”

“नायच दिसला,” म्हातारी पुटपुटली. “पन मशीन कशी चुकंल? सायेब बोलला व्हता.”

चारुदत्तने चहाचा कप हातात घेतला. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? डबा त्याच्या घरी होता, गावाने दोष म्हातारीला देऊन टाकला होता आणि म्हातारीने तो मुकाट्याने घेतलाही होता. परवानगी मिळाली असती, नाव झालं असतं. पण मालूच्या पायाकडे त्याला बघवत नव्हतं, आणि भिंतीला धरून उभ्या असलेल्या आजीकडे तर त्याहून नाही.

“आजी,” तो म्हणाला, “दिवा पेटलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी मीच खांबातला डबा काढून नेला होता, आणि तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

कप खाली पडला. हरेशने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. रंजिता पोरीला छातीशी घट्ट धरून ओरडली, “काय बोलता काय तुमी?” चारुदत्तने हात वर केला नाही. मार बसला असता तर त्याला बरंच वाटलं असतं.

म्हातारी भिंत सोडून सरळ चालत आली. तिने मुलाचा हात बाजूला सारला आणि चारुदत्तच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

“खरं बोलतोस ना, बाला? माजी समजूत घालाया नाय ना बोलत?”

“खरं, आजी.”

“आयकलास गो रंजिता? माजे डोले चांगले हायेत!” ती एकदम रडायला लागली, आणि रडत रडतच तिने चारुदत्तपुढे दोन्ही हात जोडले. “देव तुजं भलं करो, बाला.”