आधी तिला सांगा

कलेच्या इतिहासातल्या तिच्या पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा चालू होती. ही पार पडली की पदवी पदरात. पडद्यावर तिच्या प्रबंधातलं चित्र होतं, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईचं. परीक्षक त्यावर नुसते लट्टू झाले होते. "काय ते सोज्वळ रूप! नजर हटत नाही." तेवढ्यात बाहेर तिच्या तान्ह्याने भोकाड पसरलं. सासूबाई त्याला घेऊन दारात आल्या. "काही केल्या राहत नाहीये गं." तिने लेकाला घेतलं, तिथेच खुर्चीत बसून पाजायला लागली आणि म्हणाली, "हं, विचारा सर."

परीक्षकांनी डोकं कागदांत खुपसलं. "अहो, काही रीतभात? हे बाहेर जाऊन करा."

तिने पडद्याकडे बोट केलं. "आधी तिला बाहेर काढा, सर. ती माझ्या आधीपासून पाजतेय."