उजवा हात

गेल्या जत्रेत एका वैद्यबुवांच्या अंजनानं माझ्या जावेचे डोळे गेले. यंदा त्यांनी आमच्या ह्यांनाच पालावर टांगायला आपलं चित्र सांगितलं. हे मुकाट्यानं कामाला बसले. रागानं मी रंगसुद्धा घोटून दिले नाहीत.

भरजरी पगडी, ऋषीसारखं तेज, समोर नाडी दाखवणारी बाई. बुवांनी हौसेनं चित्र टांगलं. लोक थांबायचे, बघायचे, हसत पुढे जायचे. बाईची नाडी डाव्या हाताची बघतात, हे पोरासोरांनाही ठाऊक. चित्रातल्या बुवांनी उजवा हात धरला होता, रोज धरायचे तसाच.

ते पाहून मी आपण होऊन रंग घोटायला बसले.

जत्रा उठताना बुवा औषधांची भरलेली पेटी तशीच घेऊन आले.

"चितारी, फार देखणं काढलंत," ते म्हणाले. "लोक चित्रच बघतात. औषधाचं नावही घेत नाहीत."