थांबल्या जागेवरून

अजून न बनलेला प्रोसेसर कॉम्प्युटरवर चालवून पाहणारा सिम्युलेटर जगभरचे लोक मिळून लिहितात. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या घरातून रंजू त्याला नवी सोय जोडत होती: काम मधेच तुटलं, तरी थांबल्या जागेवरून पुढे सुरू व्हावं. सोय तीनदा फसली होती. आजची चाचणी सकाळपासून चालली होती. पाठवायची मुदत सहाची. पाचला ढग गडगडले, तशी आईनं धावत येऊन प्लग उपटला. बॅटरी मेलेला लॅपटॉप काळा पडला. "आई, काहून काढला वं? सारं गेलं." "गरजून राहिलं ना, बाई. तुया बाप मासे धरताना डोंग्यात वीज पडून गेला, तवापासून धसकाच बसला." ढग सरल्यावर रंजूनं प्लग खोचून लॅपटॉप सुरू केला. तुटली होती त्या ब्याण्णव टक्क्यांवरूनच चाचणी पुढे सरकली. "आई, थांबलं तेथूनच सुरू झालं!" "थांबलं तेथूनच?" म्हणत आईनं खुंटीवरचं नवऱ्याचं अर्धवट विणलेलं जाळं उतरवलं आणि शेवटची गाठ शोधू लागली.