हातातला दोष

चौकाच्या अलीकडे धाकटीने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीने अंग टाकलं. दोन आचके, एक उसासा, मग काही नाही. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं कण्हत होतं, धरत नव्हतं.

"बघितलंस?" शेजारी बसलेले भावोजी म्हणाले. "क्लच असा सोडतात का? अगं, झोपलेलं मूल गादीवर ठेवतो तसा सोडायचा."

तिने सोडला तसाच होता. पण आज तिची परीक्षा होती.

गाडी थोरल्या बहिणीच्या घरून आली ती नुकतीच. भावोजींनी किमतीत काही सोडलं नव्हतं, वर उपकार मात्र भरपूर घातले होते. 'लोण्यासारखी चालते, घरातच राहावी म्हणून देतोय.' आल्यापासून ती दर दोन-चार दिवसांनी भररस्त्यात बंद पडत होती. इंजिन आतून संपलंय, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. भावोजींनी ते फोनवर ऐकून घेतलं आणि आपलं निदान कळवलं: दोष गाडीत नाही, धाकटीच्या हातात आहे. ती चालवायला अलीकडेच शिकलेली, त्यामुळे हे निदान तिच्या नवऱ्यालाही पटलं. शिवाय त्यात खर्च नव्हता. म्हणून आज सुट्टीच्या सकाळी भावोजी जातीने तिचा हात तपासायला आले होते. मागच्या सीटवर नवरा होता आणि त्याच्या शेजारी ताई. निघाल्यापासून ताई खिडकीबाहेर बघत होती.

मागून हॉर्न सुरू झाले.

"मी म्हणतच होतो," नवरा म्हणाला, "अजून महिनाभर क्लासच्या गाडीवर हात बसवायला हवा होता."

"हात बसायला मुळात यावा लागतो," भावोजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ताई उतरली होती. तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. तिने पर्स सीटवर टाकली, चपला काढून आत सरकवल्या, बाह्या कोपरापर्यंत ओढल्या आणि डिकीला पाठ लावून टाचा रोवल्या.

"तुम्ही त्या बाजूला या," ती धाकटीच्या नवऱ्याला म्हणाली. "दाराजवळ धरा. आणि मी सांगेपर्यंत जोर लावू नका, उगाच दमाल." मग आवाज चढवून, "अगं धाकटे, दुसऱ्यात टाक! पहिल्यात ती कधी घेत नाही. वेग येऊ दे. मी हाक मारली की क्लच सोड."

धाकटीने दुसऱ्यात टाकली. आरशात तिला ताईची पाठ दिसत होती. गेलं वर्षभर ताईचा खांदा दुखत होता. विचारलं की ती म्हणायची, झोपेत अवघडला असेल.

"मागे काय बघतेस? समोर बघ," भावोजी म्हणाले.

गाडी हलली, रांगली, पळायला लागली.

"सोड!"

धाकटीने क्लच सोडला. गाडीने हिसका दिला, खाकरली आणि सुरू झाली.

"थांबवू नकोस गं!" मागून ताई ओरडली. "थांबली की गेली!"

आरशात ताई रस्त्याच्या मधोमध हात झटकत उभी होती. धाकटीचा नवरा धापा टाकायचं सोडून तिच्याकडे बघत होता. उशिरा का होईना, त्याचाही हिशेब जुळत असावा.

"बघ," भावोजी म्हणाले, "झाली ना सुरू? इंजिन ठणठणीत आहे."

"भावोजी, ही तुमच्याकडे असताना कोण चालवायचं?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नाही कधी."

"आणि ताई?"

भावोजींनी काच खाली केली. मग वर केली.

धाकटीने ब्रेक दाबला. गाडी थरथरली आणि गप्प झाली.

"हे काय केलंस? चालू होती ना!"

"काय करणार, हातातच दोष आहे माझ्या. उतरा."

"मी?"

"ढकलायला."

"अगं, माझी कंबर..."

"झोपेत अवघडली असेल, भावोजी. उतरा."

मागे पुन्हा हॉर्न सुरू झाले होते. एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून लग्नाची वरात आहे का, असं विचारलं. भावोजी उतरले. ओळखीचं कुणी आहे का ते आधी त्यांनी दोन्ही फुटपाथांवर पाहून घेतलं, मग शर्टाची इन नीट केली, मग मागे गेले.

ताई अनवाणीच पळत आली. गाडी का थांबली, हे तिने विचारलं नाही. ती डिकीपाशी आपल्या जागेवर गेली, वळली, पाठ लावली. मग तिला शेजारी कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. भावोजींनी दोन्ही तळवे मागच्या काचेवर ठेवले होते, नवीन भिंतीचा रंग वाळलाय का बघावं तसे.

ताईने त्या हातांकडे जरा वेळ पाहिलं.

"अहो, काचेवर नको," ती म्हणाली. "खाली, पत्र्यावर. आणि पाठ लावा. नुसत्या हातांनी नाही होत ते."