पाथरीची जागा

"दिसतंय घोळीसारखंच. पन देठ मोडून बघ," मुक्ताबाई म्हणाली.

सुकन्यानं देठ मोडला. पांढरा चीक बोटावर आला.

"टाक. घोळीला चीक नसतो."

सासू-सुना सकाळपासून रानात हिंडत होत्या. मुक्ताबाईचे गुडघे सुजलेले. दहा पावलं टाकली की ती बांधाला टेकायची, दम खायची, पुन्हा उठायची. आज तिनं भाजीला पिशवीही आणली नव्हती. नुसत्या जागा दाखवत होती.

"ह्या बांधाचं काय घ्यायचं न्हाई, तणनाशक मारलंय. हिरीमागं कुंजिराची भाजी हाय. आन ही वढ्याची कड ध्यानात ठेव. शिमग्यापातूर पाथरी मिळंल हितं. भाकरीसंग कच्चीच खायची. बाळंतिनीला तर दूध सुटतं तिनं."

सुकन्यानं मान खाली घातली. दुसरा महिना लागला होता आणि तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, वैजनाथलासुद्धा नाही. ऊसतोडीला जोडी लागते. मुकादमाला दोघांची नावं कधीच दिलेली. मागल्या हंगामात मोळ्या वाहतानाच तिचं पोट पडलं होतं. चौथ्या दिवशी ती पुन्हा फडात उभी होती.

"आत्या, उद्या तर आमी निघनार. मला कशापायी दावताय?"

"मी नसले म्हंजे कोन दावील?"

"असं नका बोलू."

"वय झालं माजं. शीक म्हंते तर शीक."

सुकन्याला वाटलं, म्हातारीला पुढचं दिसत असावं. आपण परत येऊ तेव्हा या घरात कोणी नसेल. तिनं एकेक पान ओळखून दाखवलं.

संध्याकाळी भांडी, गोधड्या बांधताना तिचे हात उचलेनात. पाठ टेकताच डोळा लागला.

जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजानं. उन्हाची तिरीप घरात आली होती. तिला कुणी उठवलंच नव्हतं. दाराशी बांधून ठेवलेलं बोचकं दिसेना. सासूचं अंथरूणही रिकामं.

ती तशीच अनवाणी सडकेकडं धावली. ट्रॉली हलली होती. वैजनाथच्या शेजारी, गुडघे पोटाशी ओढून मुक्ताबाई बसली होती, आणि सुकन्याचा कोयता तिच्या हातात होता.