दुहेरी

“शेवटची स्पर्धा तुझ्याबरोबर खेळायचीय,” राजनंदिनी म्हणाली.

आलिमा कोर्टवर पसरलेले चेंडू वेचत होती. ती थांबली नाही. कात्रजच्या या शाळेत ती मुलींना टेनिस शिकवायची आणि मुली नुकत्याच घरी गेल्या होत्या. टोपली भरल्यावर ती बाकावर येऊन बसली. आधी तिनं राजनंदिनीच्या खांद्याबद्दल विचारलं. खांद्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तरी हात डोक्यावर नेला की कळ यायची. राजनंदिनीनं ते थोडक्यात सांगितलं. पुढच्या महिन्यात पुण्यातच आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. आयोजकांनी निरोपाचा सामना म्हणून तिला दुहेरीत थेट प्रवेश दिला होता. जोडीदार तिनं निवडायची होती.

दोघी शाळकरी वयापासून एकत्र खेळल्या होत्या. राजनंदिनी कोथरूडची, इंजिनिअर वडिलांची एकुलती मुलगी. आलिमाच्या वडिलांचं, मन्सूरचाचांचं, शनिवार पेठेत रॅकेट दुरुस्तीचं दुकान. राजनंदिनी मागून खेळायची, आलिमा जाळीपाशी. कोर्टवर त्या एकमेकींना हाका मारत नसत. गरजच पडत नसे. पुढे दोघी व्यावसायिक झाल्या. सोलापूर, ताश्कंद, अंताल्या, जिथं स्पर्धा असेल तिथं स्वस्तातल्या हॉटेलात एकच खोली घ्यायची आणि विजेच्या किटलीत मॅगी शिजवायची. हरल्या की एकीनं रडायचं आणि दुसरीनं बॅगा भरायच्या. पंचविशीपर्यंत हे असंच चाललं.

मग ताश्कंदला लेन्का भेटली. ती चेक खेळाडू दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासात होती. तिच्या जोडीदाराचा पाय दुखावला होता आणि विम्बल्डन तोंडावर आलं होतं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिनं राजनंदिनीला विचारलं, माझ्याबरोबर खेळतेस का. लेन्काच्या क्रमवारीच्या जोरावर दोघींना प्रवेश मिळणार होता. राजनंदिनीनं विचार करायला वेळ मागितला नाही.

आलिमाला तिनं संध्याकाळी सांगितलं. कधी निघायचंय, एवढंच आलिमानं विचारलं. मग तिनं स्वतःच राजनंदिनीची बॅग भरायला घेतली.

पुढची काही वर्षं राजनंदिनीची होती. विम्बल्डनला ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. कर्वे रस्त्यावर तिचे फलक लागले. एका मुलाखतीत जुन्या जोडीदाराबद्दल विचारलं, तेव्हा आमच्या दोघींच्या खेळात फरक पडत गेला होता, असं ती बोलून गेली. तिनं ते ठरवून म्हटलं नव्हतं. पण एकदा म्हटल्यावर तिला ते खरं वाटायला लागलं. लेन्कानं दोघींमधून आपल्याला निवडलं, यावरच तिची सगळी भिस्त होती. कधी वाईट वाटलं, तर ती स्वतःला तेच सांगायची.

इकडे आलिमाला कायमची जोडीदार मिळाली नाही. दर स्पर्धेला नवी मुलगी, आणि तिच्या खेळाची सवय होईपर्यंत हार. क्रमवारी घसरत गेली. शेवटी ती पुण्याला परतली. मन्सूरचाचा वारले तेव्हा राजनंदिनी मेलबर्नला होती. तिनं मेसेज पाठवला. फोन करायचं धाडस तिला झालं नाही.

खांदा गेल्यावर लेन्कानं दुसरी जोडीदार शोधली. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण मागे राहणं म्हणजे काय, ते राजनंदिनीला त्या दिवशी कळलं. तरीही कात्रजला यायला तिला दोन वर्षं लागली.

आलिमानं नाही म्हटलं. त्याच आठवड्यात तिच्या मुली जिल्हा स्पर्धेत खेळणार होत्या, आणि शिवाय आता जाळीपाशी वाकायला गुडघे साथ देत नाहीत, असं तिनं सांगितलं. आवाजात कडवटपणा नव्हता. त्यामुळेच राजनंदिनीला ते ऐकवेना.

“अजून राग आहे का तुझ्या मनात?”

“राग असता तर गेटवरूनच परत पाठवलं असतं तुला,” आलिमा म्हणाली.

राजनंदिनीला हायसं वाटलं. इतकी वर्षं मनात राहिलेलं ती भडाभडा बोलायला लागली. आपलं वय लहान होतं. घरच्यांनी सगळं पणाला लावलं होतं. नाही म्हटलं असतं, तर तशी संधी पुन्हा आली नसती. तिथं भावनेला जागाच नव्हती, कुणीही तेच केलं असतं. आलिमा मान हलवत शांतपणे ऐकत होती. तिला पटतंय, असं राजनंदिनीला वाटलं.

“खरं सांग,” ती म्हणाली. “माझ्या जागी तू असतीस, तर तूही गेलीच असतीस ना?”

सांगावं की राहू द्यावं, असं आलिमाच्या चेहऱ्यावर चाललं होतं.

“होते ना मी तुझ्या जागी,” ती म्हणाली. “लेन्कानं आदल्या दिवशी आधी मलाच विचारलं होतं. मी सांगितलं, मला जोडीदार आहे.”